प्रभूची वाट पाहायची म्हणजे नेमकं करायचं काय?

ख्रिस्ती विश्वासात नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांतच एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "प्रभूची वाट पाहा." नोकरी लागत नाही, वाट पाहा. लग्न ठरत नाही, वाट पाहा. घरचे अजून तोंड फिरवून बसलेत, वाट पाहा. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण वाट पाहायची म्हणजे उद्या सकाळी उठून काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. मग नवा विश्वासी दोनांपैकी एक काहीतरी करतो. हातावर हात धरून बसतो आणि त्यालाच विश्वास म्हणतो. नाहीतर चार दिवस कळ काढतो, पाचव्या दिवशी स्वतःच काहीतरी उरकून टाकतो आणि पुढच्या उपासनेत उभा राहून "देवानेच दार उघडलं" अशी साक्ष देतो. मी दोन्ही केलं आहे. दुसरं जरा जास्त वेळा.

वाट पाहण्याच्या पुढच्या आठ पायऱ्यांपैकी पहिल्या दोन आधी कराव्यात. बाकीच्या गरज पडेल तशा.

पायरी १ : कशासाठी थांबलोय, ते लिहून काढा

एक साधी वही घ्या. तारीख टाका आणि एका वाक्यात लिहा, मी देवाकडून कशाची वाट पाहतोय? एक वाक्य पुरलं नाही, तर मनात दोन-तीन गोष्टींचा गुंता झालाय असं समजा आणि त्या वेगवेगळ्या लिहा.

आता ते वाक्य तपासा. काही गोष्टींसाठी थांबायचंच नसतं. पाप कबूल केलं तर तो क्षमा करतो, हे योहानाच्या पहिल्या पत्रात (१:९) स्पष्ट आहे. तिथे "क्षमा मिळाल्यासारखं वाटेल" त्या दिवसाची वाट पाहत बसायचं नाही. भावाशी वाकडं आलं असेल तर वेदीपाशी अर्पण ठेवून आधी समेट कर, असं येशूने सांगितलं (मत्तय ५:२३-२४). त्यासाठी वेगळ्या मार्गदर्शनाची प्रार्थना करत राहणं म्हणजे चालढकल. माझ्या पहिल्या वहीतल्या पाच विनंत्यांपैकी दोन अशाच निघाल्या.

उरलेल्यांत दोन जाती असतात. एक मागणी: मूल, काम, आजारातून बरं होणं, कुणाचं तरी मन वळणं. दुसरी निर्णय: हे करू की ते? निर्णयाच्या बाबतीत स्वतःला एक प्रश्न विचारायचाच. उत्तर माझ्या मनाविरुद्ध आलं तर मी ते मानणार आहे का?

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, ४२व्या अध्यायात, एक प्रसंग आहे. प्रवचनांत तो फारसा येत नाही. यरुशलेम पडल्यावर मागे उरलेले लोक यिर्मयाकडे येतात आणि म्हणतात, आम्ही कुठे जावं ते देवाला विचार. बरं असो की वाईट, तो सांगेल ते आम्ही ऐकू. यिर्मया प्रार्थना करतो आणि दहा दिवसांनी उत्तर येतं: इथेच राहा, मिसर देशात जाऊ नका. लोक म्हणतात, तू खोटं बोलतोस. खरी गोष्ट अशी की विचारायला येण्याआधीच ते मिसरच्या वाटेला लागलेले होते (४१:१७). दहा दिवस थांबले, पण मनाने केव्हाच पोचले होते. अशा थांबण्याला बाहेरून बघणारा धीर म्हणेल. देवाला मात्र सामान बांधलेलं दिसत असतं.

पायरी २ : वाट कुणाची, हे पक्कं करा

मराठीत आपण म्हणतो "वाट पाहणे". शब्द जरा उलगडून बघा. आपण वस्तूकडे बघत नाही, रस्त्याकडे बघतो, कारण त्या रस्त्यावरून कुणीतरी येणार असतं. स्तोत्रसंहितेत नेमकं हेच आहे. "परमेश्वराची प्रतीक्षा कर" असं २७व्या स्तोत्राच्या शेवटी येतं, नोकरीची किंवा निकालाची नाही. यासाठी जे हिब्रू शब्द वापरले आहेत त्यांपैकी एक म्हणजे 'कावा'. त्याच्याच कुळातला 'तिक्वा' म्हणजे आशा. आणि यरीहो नगरात हेरांना लपवणाऱ्या राहाबने खिडकीला किरमिजी दोरी बांधली, त्या दोरीलाही यहोशवाच्या पुस्तकात (२:१८) 'तिक्वा' हाच शब्द आहे. मला हे फार उपयोगी पडलं. आशा म्हणजे मनात येणारा गोड विचार असं मी समजत होतो. इथे ती खिडकीला बांधलेली आहे, बाहेर वेढा पडायचा आहे आणि आतली माणसं त्या दोरीच्या भरवशावर बसलेली आहेत.

वस्तूची वाट पाहणारा आणि देवाची वाट पाहणारा, दोघांची मागणी एकच असू शकते. फरक दिसतो तो उशीर झाल्यावर. पहिला म्हणतो, "अजून मिळालं नाही." दुसरा रडतो, भांडतो, पण त्याच दारात रडतो. १३०व्या स्तोत्रात पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी आहेत आणि ती ओळ कवीने लागोपाठ दोनदा म्हटली आहे. पहारेकऱ्याला पहाट लवकर आणता येत नाही. त्याचं काम जागं राहायचं.

वहीतल्या वाक्याखाली आणखी एक ओळ लिहा: "हे मिळालं नाही, तरी मला देवाकडून काय हवं आहे?" पहिल्या दिवशी ही ओळ कोरी राहिली तरी चालेल. बहुतेकांची राहते.

पायरी ३ : रोज पंधरा मिनिटं, एकाच वेळी

वेळ ठरवा आणि ती छोटी ठेवा. नवशिक्याने तासाभराचा संकल्प करू नये. तो तिसऱ्या दिवशी मोडतो आणि मग अपराधीपणाचं ओझं वेगळंच.

सुरुवातीला एक स्तोत्र मोठ्याने वाचा. १३, २५, २७, ३७, ४०, ६२ आणि १३० ही सात या विषयासाठी पुरेशी आहेत. रोज एक, म्हणजे आठवडा झाला. मग आपली गोष्ट देवाला सांगा, जशी आहे तशी. शेवटची पाच मिनिटं काहीही न मागता शांत बसा. मन भटकणारच. भटकलं की स्तोत्रातला एखादा शब्द मनात म्हणून परत या. स्वतःवर चिडण्यात वेळ घालवू नका. उठताना वहीत एक ओळ, बस.

"जशी आहे तशी" यावर थोडं थांबतो, कारण नवीन माणसं इथेच अडतात. देवासमोर तक्रार केली तर विश्वास कमी पडला असं त्यांना वाटतं. १३वं स्तोत्र उघडा. सहाच वचनं आहेत, आणि पहिल्या दोनांतच "कुठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो. तू मला विसरलास का, तू तोंड लपवतोस का, अशी थेट विचारणा. तिसऱ्या-चौथ्या वचनांत मागणी, आणि शेवटच्या दोनांत भरवसा. मधल्या काळात परिस्थिती बदलली असं स्तोत्रात कुठेही म्हटलेलं नाही. ८८वं स्तोत्र तर भरवशापर्यंतही पोचत नाही, अंधारातच संपतं. आणि तेही उपासनेच्या पुस्तकात ठेवलेलं आहे. तेव्हा "सगळं ठीक आहे, प्रभूची स्तुती असो" असं दात-ओठ आवळून म्हणण्याची गरज नाही. कुठवर, असं विचारा. रोज विचारा. लूकच्या १८व्या अध्यायातल्या विधवेने न्यायाधीशाला सुखाने बसू दिलं नव्हतं, आणि येशूने ती गोष्ट शिष्यांना खचून न जाता प्रार्थना करत राहण्यासाठीच सांगितली.

पायरी ४ : आपल्या वाट्याचं काम करत राहा

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ ओढा. एका बाजूला जे फक्त देवच करू शकतो ते, दुसऱ्या बाजूला जे त्याने माझ्या हाती ठेवलंय ते. नोकरी देणाऱ्याचं मन माझ्या हातात नाही; अर्ज भरणं, कौशल्य शिकणं, सकाळी वेळेवर उठणं माझ्या हातात आहे.

या बाबतीत नहेम्याइतका चांगला गुरू मला दुसरा सापडला नाही. तो पारसच्या राजाच्या पदरी होता. यरुशलेमची तटबंदी पडल्याची बातमी त्याला यहूदी पंचांगातल्या किसलेव महिन्यात कळली. तो रडला, उपास केला, प्रार्थना केली. राजाशी बोलण्याची संधी आली ती नीसान महिन्यात, म्हणजे साधारण चार महिन्यांनी. राजाने विचारलं, तुला काय हवंय? नहेम्याने तिथल्या तिथे मनात प्रार्थना केली आणि लगेच यादी मांडली: किती दिवस लागतील, नदीपलीकडच्या सुभेदारांना कोणती पत्रं द्यायची, राजाच्या वनाच्या अधिकाऱ्याकडून दरवाजांसाठी लाकूड कसं मिळेल. हे सगळं त्या क्षणी सुचलं असेल असं मला नाही वाटत. चार महिने गुडघे टेकलेले होते आणि डोकंही चालू होतं. पुढे शत्रू चालून यायला लागले तेव्हा त्याने काय केलं ते एकाच वचनात आहे (४:९): प्रार्थना केली आणि पहारा बसवला.

आजारपणाबद्दल वेगळं आणि ठणकावून सांगायला हवं. वाट पाहणं म्हणजे औषध बंद करणं नाही. हिज्कीया राजाला देवाने स्वतः सांगितलं की तू बरा होशील आणि आणखी पंधरा वर्षं जगशील; तरीही यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला (२ राजे २०). वचनही खरं, लेपही लावलेला. "डॉक्टरकडे गेलास तर विश्वास नाही" असं कुणी म्हणालं तर त्याच्यापुढे हा अध्याय ठेवा. तसंच घरात मारहाण होत असेल तर सुरक्षित जागी जाणं म्हणजे उतावळेपणा नव्हे. दावीदही शौल राजाचा भाला चुकवून पळाला होता. राज्याची वाट त्याने पाहिली, पण भाल्यासमोर उभं राहून नाही.

पायरी ५ : घाईची वेळ ओळखायला शिका

माझ्या अनुभवात माणूस सुरुवातीला मोडत नाही, शेवटाजवळ मोडतो. शौलाचं बघा. शमुवेल संदेष्ट्याने त्याला गिलगालला सात दिवस थांबायला सांगितलं होतं. शौल सात दिवस थांबला. समोर पलिष्ट्यांचं सैन्य, इकडे आपली माणसं पांगायला लागलेली, आणि शमुवेलाचा पत्ता नाही. शेवटी त्याने स्वतःच होमार्पण केलं, आणि ते आटोपतंय न आटोपतंय तोच शमुवेल आला (१ शमुवेल १३). नंतर शौल जे सांगतो ते ऐकून मला माझाच आवाज आठवतो: लोक निघून चालले होते, तुम्ही वेळेवर आला नाहीत, म्हणून नाइलाजाने केलं. एकही कारण खोटं नाही.

अब्राहामाची गोष्ट याहून अवघड आहे, कारण तिथे घाई दिसतच नाही. तो हारान सोडून निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता आणि संततीचं वचन त्याच्याकडे होतं. दहा वर्षं कनान देशात काढल्यावर सारा म्हणाली, माझी दासी हागार आहे, तिच्यापासून मूल होऊ दे. त्या काळात ही रीत होती. कुणाला वावगं वाटलं नसतं. उलट देवाला मदतच केल्यासारखं. अब्राहाम ८६ वर्षांचा असताना इश्माएल जन्मला. इसहाक जन्मला तेव्हा अब्राहाम १०० वर्षांचा होता. म्हणजे वचनापासून २५ वर्षं, आणि आडवाटेने गेल्यावरही १४ वर्षं थांबावं लागलंच.

पण या गोष्टीत वर्षांपेक्षा मला हागार जास्त टोचते. अब्राहाम-सारेच्या अधीरतेची किंमत तिने मोजली. तिला कुणी विचारलं नाही, मग तिचा छळ झाला, ती रानात पळाली, आणि पुढे तर मुलासकट घराबाहेर काढली गेली. रानात तिचा हुंदका देवाने ऐकला; इश्माएल या नावाचा अर्थच "देव ऐकतो". घाईने काढलेल्या मार्गाची एक परीक्षा मी यावरून शिकलो. या मार्गात माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला सोसावं लागणार आहे का? लागणार असेल, तर तो मार्ग कितीही रीतसर असो, पाऊल उचलू नका.

दुसरी परीक्षा एन-गेदीच्या गुहेतली. शौल एकटाच आत आला, दावीद आणि त्याची माणसं आत लपलेली. माणसं म्हणाली, देवाने सांगितलेला दिवस तो हाच! दावीदाने शौलाच्या झग्याचा काठ कापला, आणि तेवढ्यानेही त्याच्या मनाला टोचणी लागली. संधी सहज चालून आली म्हणून ती देवाकडूनच आली असं होत नाही. हे काम करायला मला पाप करावं लागतंय का, लपवावं लागतंय का, हे विचारायचं. अमुक जणाला कळू नये असं वाटतंय? मग थांबा. निदान एक रात्र तरी जाऊ द्या.

पायरी ६ : तारीख सांगणाऱ्यांपासून सावध

"या महिन्याअखेर तुझं काम होणार, प्रभूने मला दाखवलं." असं कुणी सांगितलं की थकलेल्या मनाला ते हवंहवंसं वाटतं. यिर्मयाच्या काळी हनन्या नावाच्या संदेष्ट्याने भर मंदिरात जाहीर केलं होतं की दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल. यिर्मयाची पहिली प्रतिक्रिया "आमेन, परमेश्वर असं करो" अशी होती! त्यालाही तेच हवं होतं. पण देवाचा आकडा ७० वर्षांचा होता. आपल्या हिताचे संकल्प देवाजवळ आहेत हे यिर्मया २९:११ सगळ्यांना तोंडपाठ असतं; त्याच्या आधीच्याच वचनातली ७० वर्षं फारशी कुणाच्या भिंतीवर दिसत नाहीत. हा अध्याय म्हणजे यिर्मयाने बाबेलमधल्या बंदिवानांना लिहिलेलं पत्र, आणि त्याच पत्रात त्यांना सांगितलं आहे की घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

संदेश तुच्छ मानू नका, पण सगळ्याची पारख करा, असं पौल थेस्सलनीकाकरांना सांगतो. माझा साधा नियम: सांगणारा तारखेबरोबर पैसेही मागत असेल, तर पारख तिथेच संपली.

पायरी ७ : एकट्याने थांबू नका

येशू वर घेतला गेल्यावर शिष्यांना सांगितलेलं काम वाट पाहण्याचंच होतं. पुनरुत्थानानंतर ४० दिवस तो त्यांना दिसत राहिला आणि पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा आला, म्हणजे मधे साधारण दहा दिवस. ते एकत्र राहिले, एकत्र प्रार्थना केली. प्रेषितांच्या कृत्यांत सुमारे १२० जणांचा उल्लेख आहे.

तुम्हाला १२० नकोत. एक पुरे. मंडळीतली एखादी वडीलधारी व्यक्ती निवडा, शक्यतो स्वतः बराच काळ थांबलेली. तिला म्हणा, "मला सल्ला नकोय, आठवड्यातून एकदा माझ्याबरोबर प्रार्थना कराल का?" हे आधीच सांगितलेलं बरं. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. तेवढं त्यांनी फार चांगलं केलं. बिघडलं ते बोलायला लागल्यावर.

पायरी ८ : उत्तर वेगळं आलं तर

ही पायरी सुरुवातीला वाचून ठेवा, लागेल तेव्हा उघडा.

मार्था आणि मरीया यांचा भाऊ लाजर आजारी असल्याचा निरोप मिळाल्यावर येशू होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. योहान आधी सांगतो की येशूचं या भावंडांवर प्रेम होतं, आणि लगेच पुढे हे दोन दिवस. मार्था आणि मरीया दोघींनी एकच वाक्य म्हटलं: तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. त्याने दोघींनाही रागावलं नाही. आणि काय करणार हे ठाऊक असूनही कबरेकडे जाताना तो रडला.

लाजर मेलेल्यांतून उठला. पौल ज्याला शरीरातला काटा म्हणतो तो त्रास मात्र गेला नाही. त्याने तीनदा विनवणी केली आणि उत्तर मिळालं, माझी कृपा तुला पुरे. इब्री लोकांस पत्राच्या ११व्या अध्यायात तर अशांची यादी आहे जे वचन पदरी न पडताच विश्वासात मेले. उत्तर "नाही" आलं म्हणजे तुमच्या थांबण्यात काही चुकलं असा अर्थ लगेच काढू नका, आणि दुसऱ्या कुणाबद्दल तर मुळीच काढू नका. अशा वेळी काही दिवस मागणं सोडून नुसतं ६२वं स्तोत्र वाचत राहिलात तरी चालेल. ज्याला रडू येतं त्याने रडावं.

वहीबद्दल शेवटचं. महिन्यातून एकदा मागची पानं चाळा. ज्या मागणीचं उत्तर आलं तिच्यासमोर तारीख टाका आणि ज्यांनी तुमच्याबरोबर प्रार्थना केली त्यांना त्याच दिवशी कळवा. येशूने बऱ्या केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी आभार मानायला परत आलेला एकच होता. काही मागण्यांसमोरची जागा रिकामीच असेल. माझ्या वहीत अशी एक आहे, अकरा वर्षांची. ती मी दर जानेवारीत नव्या वहीच्या पहिल्या पानावर पुन्हा लिहितो. खालची ओळ, "तरी मला देवाकडून काय हवं आहे?", दरवर्षी थोडी बदलते.